हात सोडा त्यांचे

चौदा नंबरच्या कॉटवरच्या बिरूमामांचे हात दैवशालानं स्वतः बांधले होते. मनगटाला काच पडू नये म्हणून खाली कापूस घालून, गॉजची पट्टी दुहेरी करून, कॉटच्या दोन्ही दांड्यांना. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून बांधले हे खरं, पण सांगितलं नसतं तरी तिला दुसरं काही सुचलं नसतं. माणूस तीन दिवसांपासून तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क ओढून काढत होता. वर जी सिस्टर जवळ जाईल तिच्याही तोंडावर हात टाकत होता. काल तर मंजुषा सिस्टरचा मास्क त्यांनी पार हनुवटीपर्यंत खाली ओढला. मंजुषा किंचाळली, दोघं धावून आले आणि मग पट्ट्या आणल्या गेल्या.

दोन हजार एकवीसचा एप्रिल होता. मुलांच्या वसतिगृहात उभं केलेलं ते कोविडचं रुग्णालय काठोकाठ भरलं होतं. खोल्यांच्या दारांवर अजून मुलांची नावं खडूनं लिहिलेली होती आणि आत माणसं श्वास मोजत पडली होती. दैवशाला येरमाळ्याची. सव्वीस वर्षांची, अकरा महिन्यांच्या करारावर सिस्टर म्हणून लागलेली, चालायला लागली की दोन पायऱ्या एकदम चढणारी. पीपीई किटच्या आत घामानं अंग चिंब व्हायचं, चष्म्यावर वाफ धरायची, तरी तिचा वेग कमी होत नसे.

बिरूमामांची फाइल उघडली की पहिल्याच पानावर, ॲम्ब्युलन्समधल्या कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात तीन शब्द होते: ‘पेशंट ऐकत नाही.’ त्याखाली रेघ. ड्यूटीवर येणारा प्रत्येक जण आधी ते वाचायचा, मग चौदा नंबरकडं जायचा. आणि खरंच, मामा ऐकत नव्हते. पालथं झोपा म्हटलं तर नुसते टक लावून बघायचे. पाणी हवंय का विचारलं तर मान फिरवायचे. काहीतरी घोगरं, तुटक बोलायचे, ते मास्कच्या आत कुणालाच समजायचं नाही. डोक्यात ताप गेलाय असं सगळ्यांनी धरून घेतलं होतं.

त्या सकाळी त्यांचा ऑक्सिजन चौऱ्याऐंशीवर आला. मास्क जागेवर असूनही चौऱ्याऐंशी.

डॉक्टर गौरीशंकर साडेनऊच्या राउंडला आले, आकडा बघितला आणि फाइलवर लिहिला. तेही तिशीतलेच, पण दोन महिन्यांत त्यांच्या डोळ्यांखाली काळं साचलं होतं.

“सोलापुरात व्हेंटिलेटरचा एक बेड मिळतोय,” ते म्हणाले. “एक वाजता गाडी येईल. घरच्यांची संमती घेऊन ठेवा, सिस्टर.”

“सर, पालथं झोपवून बघितलं असतं तर?”

“दोन मिनिटं तरी राहतात का ते? काल तिघांनी मिळून वळवलं, तिघांना ढकलून दिलं त्यांनी. जोर कुठून आणतात कुणास ठाऊक.”

दैवशाला बाहेर आली, किट उतरवलं, हात धुतले आणि फोनच्या खोलीत बसली. चौदा नंबरच्या नावापुढं एकच नंबर होता, शिवानंद, जळकोट. रोज दुपारी त्या नंबरवर फोन जायचा. तब्येत स्थिर आहे, असं इकडून सांगायचं. बरं, सांगतो, असं तिकडून यायचं. अर्ध्या मिनिटात काम संपायचं, कारण यादीत अजून बेचाळीस नंबर असायचे.

“तुम्ही त्यांचे कोण?” आज तिनं पहिल्यांदा विचारलं.

“म्या कोण न्हाय ओ मॅडम,” शिवानंद म्हणाला. “माझ्या रानात त्यांची मेंढरं बसवली हुती खतासाठी. चौथ्या दिशी त्यांला धाप लागली, म्हणून म्याच गाडी बोलावली. माझाच नंबर दिला.”

दैवशालाच्या हातातलं पेन थांबलं. म्हणजे तीन दिवस आपण कुणाला सांगत होतो? “घरचं कुणी नाही का?”

“बायको हाय की, गजराबाई. मेंढरं घिऊन फुडं गेली, नळदुर्गच्या अंगाला. म्या निरोप धाडतो कुणासंगं तरी. तिच्यापाशी फोन न्हाय.”

“दादा, गाडी आहे का तुमच्याकडं?”

“मोटारसायकल हाय.”

“मग आत्ता निघा. त्यांना गाठा आणि तुमच्या फोनवरून मला लावून द्या. एक वाजता मामांना सोलापूरला हलवायचंय. त्याआधी मला त्यांच्या घरच्या माणसाशी बोलायचंच आहे.”

पलीकडून किक मारल्याचा आवाज. “निघालोच बघा.”

अर्धा घंटा म्हणता म्हणता सव्वा घंटा गेला. दैवशालानं तेवढ्यात एकोणीस घरांना फोन लावले, पण डोळा भिंतीवरच्या घड्याळावर. अकराला दहा मिनिटं असताना फोन वाजला. उचलल्याबरोबर वारा, मेंढरांची बेंबें, कुत्र्याचं भुंकणं आणि त्या सगळ्याच्या वर एका बाईचा खणखणीत आवाज.

“म्या गजराबाई! जितं हाय का माणूस माजं?”

“आहेत मावशी, आहेत! मी सिस्टर बोलते, दैवशाला.” तिनं सगळं सांगितलं. ऑक्सिजन कमी आलाय, सोलापूरला न्यावं लागेल. आणि मग, सांगावं की नको असं करत, तेही सांगितलं. “ते मास्क ठेवत नाहीत हो. सारखा काढतात. म्हणून काल… काल हात बांधावे लागले त्यांचे.”

फोनमध्ये नुसता वारा.

“मावशी?”

“हात बांधलं?” गजराबाईचा आवाज एकदम बारीक झाला. “अगं बाई, हात बांधल्यावर त्यांनी बोलायचं कशानं?”

“म्हणजे?”

“त्येंला ऐकाय येत न्हाय की! सा वर्साचं असताना मोठा ताप आला, तवापास्नं ढोलाचा आवाज बी कानात शिरत न्हाय. समोरच्याच्या तोंडाकडं बघून वळखत्यात आन् हातानं बोलत्यात. तुमाला ठावं न्हाय व्हय? म्या त्या गाडीवाल्याला वरडून सांगितलं! दार लागूस्तवर वरडत हुते, ऐकाय येत न्हाय, ऐकाय येत न्हाय!”

दैवशालानं समोरच्या फाइलवरची ती ओळ बघितली. ‘पेशंट ऐकत नाही.’

तीन दिवस! तीन दिवस आपण त्यांच्या कानात ओरडत होतो आणि तोंड झाकून ओरडत होतो. ते आमचे मास्क ओढत होते ते मारायला नव्हे, ओठ बघायला! आणि शेवटी आपण त्यांची जीभच कॉटला बांधून टाकली.

“मावशी, फोन ठेवू नका! शिवानंददादा, व्हिडिओ कॉल लागेल का तिथून?”

“रेंज लई कमी हाय मॅडम. पर समोर पाण्याची टाकी हाय, तिच्यावर चढलं तर लागंल.”

“चढा! मावशींना पण चढवा! दहा मिनिटांत लावते.”

ती पळत सुटली. किट चढवायला एरवी दहा मिनिटं लागायची आणि वॉर्डात मामांचे हात तसेच बांधलेले. तिनं आधी वॉर्डच्या काचेवर दोन्ही तळव्यांनी थापा मारल्या. आत मंजुषा सलाईन बदलत होती. तिनं वळून बघितलं.

“हात सोड त्यांचे! चौदा नंबरचे हात सोड!”

मंजुषानं कानावर हात ठेवून मान हलवली. काच जाड, तिच्या कानांवर टोपी, वरून पंख्याची घरघर. काही ऐकू जात नव्हतं. मग दैवशालानं दोन्ही मनगटं एकावर एक धरली आणि झटक्यात मोकळी केली. आधी दहा, मग चार बोटं दाखवली. पुन्हा मनगटं धरली, पुन्हा सोडली. मंजुषाचे डोळे मोठे झाले आणि ती सरळ चौदा नंबरकडं गेली.

दैवशालानं त्या दिवशी किट चार मिनिटांत चढवलं. मोबाइल पारदर्शक पिशवीत घातला, पिशवीचं तोंड चिकटपट्टीनं बंद केलं आणि आत शिरली.

मामांचे हात सुटले होते, पण ते छातीवर तसेच पडले होते, निर्जीव. डोळे छताकडं. दैवशाला आली तरी त्यांनी बघितलं नाही. या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांकडं बघायचं त्यांनी सोडूनच दिलं असावं. तिनं व्हिडिओ कॉल लावला. एकदा कटला. दुसऱ्यांदा नुसतं गोल गोल फिरत राहिलं. तिसऱ्यांदा पडद्यावर आधी आभाळ आलं, मग टाकीची गंजलेली कड, मग हिरव्या लुगड्याचा पदर, आणि मग वाऱ्यानं विस्कटलेल्या केसांतला, उन्हानं करपलेला, उघडा, अख्खा चेहरा.

दैवशालानं फोन मामांच्या डोळ्यांसमोर धरला.

मामा आधी फोनकडं बघतच राहिले. मग त्यांचा उजवा हात आपोआप उठला, बोटं कानामागं गेली आणि केसांत फूल खोवावं तशी वळली. ते गजराबाईचं नाव होतं. तिकडं टाकीवर गजराबाईनं पदर तोंडात धरला, मग लगेच काढला, कारण तोंड दिसलं पाहिजे होतं, आणि दोन्ही हातांनी बोलायला लागली.

काय ते हात! दैवशाला बघतच राहिली. मामांची बोटं कापत होती, दम लागत होता, पण तीन दिवसांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडत होतं. शेजारच्या तेरा नंबरवरचे उत्तरेश्वर गुरुजी, निवृत्त मास्तर, मान उचलून बघायला लागले. मंजुषा हातातली बाटली तशीच धरून उभी. डॉक्टर गौरीशंकर दारात येऊन थांबले.

“काय म्हणतात मावशी?” दैवशालानं विचारलं.

गजराबाई एकाच वेळी हसत आणि रडत होती. “म्हणत्यात, हितं समद्यांला डोळं हायेत, तोंड कुणालाच न्हाय! म्हणत्यात, ही कुठली माणसं हायेत आन् मला का धरून ठिवलंय?”

बिरूमामांना आपण दवाखान्यात आहोत हेसुद्धा धड माहीत नव्हतं. आजाराचं नावही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. गजराबाईनं छातीवर हात ठेवला, बोटांनी श्वास अडकल्याचं दाखवलं, तोंडावर तळहात धरून मास्कचं समजावलं. हे लोक चांगले हायेत, तोंड झाकलंय ते रोग लागू नये म्हणून, हे सांगायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. मामांनी दैवशालाकडं पहिल्यांदा नीट बघितलं. मग पुन्हा पडद्याकडं वळून दोन बोटं कपाळाला लावली, शिंगांसारखी.

“काळ्या मेंढीचं इचारत्यात,” गजराबाई म्हणाली आणि दोन बोटं वर केली. “व्याली की! दोन झाली. दोनी बी माद्या!”

मास्कच्या आत मामांचे गाल वर गेले. बघणाऱ्या सगळ्यांना ते दिसलं.

डॉक्टर पुढं आले. “मावशी, त्यांना पालथं झोपायला सांगा. मास्क न काढता. त्यानं फुप्फुसाला हवा लागते. जमेल?”

“किती येळ?”

“दोन तास तरी.”

गजराबाईनं तळहात उताणा धरला आणि पालथा केला. मग बोट आभाळाकडं नेऊन सूर्य इथून इथपर्यंत सरकेल तेवढं, असं दाखवलं. शेवटी मूठ छातीवर आपटली. हे मात्र तिनं कुणाला समजावून सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. बिरूमामांनी मान हलवली. काल तिघांना न आवरलेला तो माणूस आज स्वतः कुशीवर वळला, दैवशालानं नळी सावरली, आणि मामा उशीवर गाल टेकवून पालथे झाले. हात मात्र कॉटच्या बाहेर मोकळे ठेवले.

साडेअकरा. चौऱ्याऐंशी.

दैवशाला दुसऱ्या कॉटकडं जायची आणि तीन मिनिटांत परत यायची. शहाऐंशी. मग पुन्हा पंच्याऐंशी, तेव्हा तिनं नळीचा सांधा तपासला. बारा वाजता सत्त्याऐंशी. मंजुषा लांबूनच भुवया उडवून विचारायची आणि दैवशाला बोटं दाखवायची. साडेबाराला एकोणनव्वद. उत्तरेश्वर गुरुजींना बोलायला दम नव्हता, पण तेही मान वळवून चौदा नंबरच्या यंत्राचे आकडे वाचत होते आणि आकडा वाढला की अंगठा वर करत होते.

एक वाजता फाटकात गाडी वाजली.

डॉक्टर आत आले. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघायला लागले. तोंड दिसत नव्हतं, म्हणून डोळ्यांकडं. त्यांनी यंत्र बघितलं. मामांच्या बोटावरची चिमटी काढून दुसऱ्या बोटाला लावली, पुन्हा बघितलं.

“एक्क्याण्णव,” ते म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे, “एक्क्याण्णव!” आणि दाराकडं वळून मोठ्यानं, “सोलापूरची गाडी सहा नंबरला घेऊन जाऊ दे! परंड्याच्या बाईंना! त्यांची तयारी करा, पटकन! बिरूमामा इथंच राहतायत!”

मंजुषानं दैवशालाला मिठीच मारली. दोन फुगलेली पांढरी किटं एकमेकांवर आपटली आणि फसकन हवा सुटली. दोघी सहा नंबरकडं पळाल्या.

दुसऱ्या दिवसापासून अकराचा फोन ठरून गेला. शिवानंद रोज बारा किलोमीटर मोटारसायकल हाणून मेंढरं असतील तिथं जायचा, उंचवटा शोधायचा आणि गजराबाईला उभं करायचा. ती मामांशी बोलून घ्यायची आणि मग दैवशालाला शिकवायची. पाणी असं, भूक अशी. दुखतंय कुठं हे विचारायचं असं. उद्या म्हणजे एक झोप, परवा म्हणजे दोन झोपा. दैवशाला शिकून घ्यायची, कागदावर हातांची चित्रं काढायची आणि तो कागद मामांच्या कॉटच्या वर भिंतीला डकवायची. चार दिवसांत भिंतीवर सतरा कागद झाले.

डॉक्टरांनाही उत्साह आला. एका सकाळी त्यांनी ‘आज तब्येत चांगली आहे’ असं हातानं सांगायला घेतलं. बोटं कपाळाला लावली, पोटावरून हात खाली नेला. मामांनी डोळे विस्फारले. मग ते हसायला लागले, हसता हसता खोकला आला, खोकल्यानं आकडा खाली गेला आणि सगळ्यांची धावपळ उडाली. आकडा जागेवर आल्यावर दैवशालानं अकराच्या फोनवर तीच खूण करून विचारलं, तेव्हा गजराबाईला उंचवट्यावरून खाली उतरून बसावं लागलं, इतकी ती हसली.

“डागदरसाहेब म्हणाले, म्या आज व्यालो!”

आणखी एक गोष्ट झाली, ती कुणी ठरवली नव्हती. उत्तरेश्वर गुरुजींनी एका दुपारी दैवशालाला बघून अंगठा ओठांशी नेला आणि मान मागं केली. पाणी. बोलायला गेलं की त्यांना धाप लागायची, म्हणून ते तहान दाबून पडायचे. आता त्यांनी भिंतीवरून मामांची खूण उचलली होती. संध्याकाळपर्यंत अकरा नंबरच्या बाईंनी उचलली. दोन दिवसांत अख्खा वॉर्ड हातानं बोलायला लागला. दुखतंय, गार लागतंय, पंखा बंद करा, घरी सांगा मी जेवलो. एरवी ज्या खोलीत यंत्रांच्या टिकटिकीशिवाय काही नसायचं तिथं सगळीकडं हात हलत होते आणि बिरूमामा मधल्या कॉटवर बसून ज्याची खूण चुकेल त्याला दुरुस्त करत होते. सारं आयुष्य माणूस इतरांच्या तोंडाकडं बघत आला होता. आता वीस माणसं त्याच्या हातांकडं बघत होती.

त्यांनी सगळ्यांना नावंही दिली. डॉक्टर म्हणजे डोळ्यांभोवती दोन गोल. मंजुषा म्हणजे किंचाळल्यासारखा उघडा पंजा, आणि ते करताना मामा तिच्याकडं बघून दोन्ही हात जोडायचे. दैवशालाचं नाव होतं दोन बोटं, तळहातावरून भरभर पळणारी.

दैवशालानं फोनच्या खोलीतल्या फॉर्मवर तोपर्यंत एक ओळ वाढवली होती. आधी नुसती पेनानं, मग डॉक्टरांनी ती छापूनच घेतली: ‘हे माणूस कसं बोलतं, त्याला घरी काय म्हणतात?’ आणि खाली, ‘माहिती देणारा घरचा आहे का?’ फोन अर्ध्या मिनिटाचे राहिले नाहीत. पलीकडची माणसं थबकायची, आणि मग सांगत सुटायची. आमच्या आईला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. दादांना कानडीच समजतं. त्यांना गिरिजाबाई म्हणू नका, अक्का म्हणा, लगेच जेवतील. बेचाळीस फोन संपायला दुपारचे चार वाजायचे. दैवशाला घसा बसेपर्यंत बोलायची आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही.

तेराव्या दिवशी बिरूमामांना घरी सोडलं. ऑक्सिजन काढूनही आकडा शहाण्णव होता. वजन उतरलं होतं, दाढी वाढली होती, पाय लटपटत होते, पण व्हीलचेअरवर बसायला त्यांनी साफ नकार दिला आणि तो नकार सगळ्यांना समजला. वॉर्डातून निघताना ते कॉटाकॉटापाशी थांबले. गुरुजी अजून आत होते. दोघांचं काहीतरी लांबलचक बोलणं झालं, हातांनीच.

फाटकाबाहेर शिवानंद टेम्पो घेऊन उभा होता. मागच्या हौद्यात गजराबाई बसली होती, मांडीवर दोन काळी कोकरं. मामा दिसताच तिनं कोकरं शिवानंदच्या कुशीत कोंबली आणि खाली उडी मारली. पण ती त्यांच्या गळ्यात पडली नाही. दोन हातांवर थांबली, वरपासून खालपर्यंत त्यांना बघून घेतलं आणि एकदम हात हलवायला लागली. मामाही लागले. मग दोघांचे हात इतके वेगानं चालायला लागले की दैवशालाला एकही शब्द धरता येईना. गजराबाई मूठ आपटत होती, मामा तळहात झटकत होते, मग ती कपाळावर हात मारून घेत होती.

“भांडतायत का काय ओ?” दैवशालानं घाबरून शिवानंदला विचारलं.

शिवानंद दोन्ही काखांत कोकरं सांभाळत बारकाईनं बघत होता. इतक्या दिवसांत तोही बराच शिकला होता.

“मामी म्हणती, चार दिस घरी पडून ऱ्हायचं,” तो म्हणाला. “मामा म्हणत्यात, आजच मेंढरांमागं जाणार. वाडीवर घरी जायचं का रानात, त्याच्यावरनं चाललंय.”

“मग कोण जिंकतंय?”

शिवानंदनं उत्तर द्यायच्या आतच गजराबाईनं नवऱ्याचा दंड धरला, त्यांना टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसवलं आणि दार लावून घेतलं. मामांनी खिडकीतून दैवशालाकडं बघितलं, खांदे उडवले आणि शिवानंदच्या काखेतलं एक कोकरू मांडीवर घेतलं. टेम्पो जळकोटच्या रस्त्याला लागला तेव्हा खिडकीबाहेर त्यांचा एक हात आला होता आणि तो अजूनही काहीतरी सांगतच होता.